दोन टिंबांचा ओ आणि आपला काना

एक प्रयोग करून बघा. महाराष्ट्र शासनाचा २००५च्या आसपासचा एखादा शासन निर्णय मोबाईलवर उघडा. पीडीएफ अगदी स्वच्छ दिसेल, काना-मात्रा जागच्या जागी. आता त्यातला 'पुणे' हा शब्द बोटाने दाबून धरा, कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर पेस्ट करा. बऱ्याच वेळा तिथे पुणे उमटत नाही. आधी हवेत तरंगणारी एक आडवी रेघ येते, मग डोक्यावर दोन टिंबं असलेला जर्मन ओ, मग लाटेसारखी खूण असलेला पोर्तुगीज ए, मग आइसलँडच्या लोकांचं 'थॉर्न' नावाचं अक्षर, पुन्हा तोच जर्मन ओ आणि शेवटी टोपी घातलेला फ्रेंच ई.

हा फोनचा बिघाड नाही. त्या फाईलमध्ये पहिल्यापासून हेच लिहिलेलं आहे. आपल्याला 'पुणे' दिसत होतं, कारण फाईलसोबत एक फाँट बांधलेला होता आणि तो फाँट प्रत्येक परक्या अक्षराच्या जागी मराठीचा एकेक तुकडा रंगवत होता. आडवी रेघ म्हणजे प-चा डावा भाग. दोन टिंबांचा ओ म्हणजे उभा दंड, तोच पुढे काना म्हणूनही कामाला येतो. लाटवाला ए म्हणजे पहिला उकार, थॉर्न म्हणजे ण-चा डावा भाग, टोपीवाला ई म्हणजे मात्रा. यू-वर दोन टिंबं असलेलं जर्मन अक्षरही या खेळात आहे. ह, र, ट यांच्या खालच्या शेपटीचं काम ते करतं.

मग प्रश्न असा: त्या फाईलमध्ये 'पुणे' आहे की नाही? दिसतं म्हणून आहे म्हणायचं, की शोधून सापडत नाही म्हणून नाही म्हणायचं? वरवर हा कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याचा प्रश्न वाटतो. मला तो नीतीचा वाटतो, कारण 'नाही' असं उत्तर आलं तर त्याचा भुर्दंड कुणाला तरी भरावा लागतो आणि तो सहसा ज्याने फाईल बनवली त्याला भरावा लागत नाही.

थोडं मागे जाऊ. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर म्हणायचं याचा तक्ता माणसांनी बसून ठरवला. १९६३ साली अमेरिकेत असा तक्ता झाला, आस्की. त्यात जागा १२८, त्यातल्याही तेहतीस यंत्राला हुकूम देण्यासाठी राखीव. उरलेल्या जागांत इंग्रजीची अक्षरं, आकडे, विरामचिन्हं यांची दाटीवाटीने सोय झाली. त्यात फ्रेंचांचा तिरक्या रेघेचा ई नव्हता, जर्मनांचा टिंबांचा ओ नव्हता. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, जागा नव्हती. (जगातले बरेच अन्याय याच दोन शब्दांनी होतात.) पुढे तक्ता दुप्पट झाला. १९८७ साली पश्चिम युरोपसाठी 'लॅटिन-१' नावाचं प्रमाण आलं आणि नव्या जागांवर ही सगळी खुणांची अक्षरं बसली. तरी फ्रेंचांचं ओ आणि ई चिकटून होणारं जोडाक्षर बाहेर राहिलंच.

पूर्व युरोपला तर वेगळा तक्ताच मिळाला, 'लॅटिन-२'. आकडे तेच, अक्षरं वेगळी. चेक भाषेत एस-वर उलट्या टोपीसारखी एक खूण देतात, तिचं नाव हाचेक. त्या एस-चा उच्चार श. या श-ला लॅटिन-२मध्ये १६९ क्रमांक मिळाला. लॅटिन-१मध्ये १६९ वर बसलाय गोलातला सी, कॉपीराइटची खूण. त्यामुळे प्राग शहरातून पाठवलेल्या मजकुरातला श पॅरिसमध्ये चुकीच्या तक्त्याने उघडला की स्वामित्वहक्काची घोषणा होऊन जायचा.

या पार्श्वभूमीवर आपला डीटीपीवाला डोळ्यांसमोर आणा. वर्ष नव्वदीच्या दशकातलं कुठलंही. गाव आळंदी. इंद्रायणीच्या दोन्ही काठांवर मंगल कार्यालयं, म्हणजे पत्रिकांचं काम बारमाही. त्याशिवाय हरिनाम सप्ताहाची पत्रकं, कीर्तनाची पोस्टरं, धर्मशाळेच्या पावत्या. हातात पेजमेकर, आणि पेजमेकरला माहीत असलेल्या अक्षरांच्या जागा अडीचशेच्या घरात. देवनागरीला जोडाक्षरं धरून त्याहून किती तरी जास्त आकार लागतात. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचं प्रमाण १९९१ साली निघालेलं होतं आणि ते घडवण्यात पुण्याच्या सी-डॅकचा मोठा हात होता. पण प्रमाण कागदावर असणं वेगळं आणि परदेशी सॉफ्टवेअरने ते ओळखणं वेगळं. तेव्हा सगळ्यांनीच एक युक्ती केली. आकडे तसेच ठेवायचे, चित्रं बदलायची. २१४ क्रमांकावर यंत्राच्या मते दोन टिंबांचा ओ आहे ना, असू दे. आपण तिथे दंड काढू. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, सी-डॅकचा सुरेख, प्रत्येकाने आपापल्या सोयीने तुकडे बसवले. म्हणजे एका फाँटमधला काना दुसऱ्या फाँटमध्ये भलतंच काही.

ही लबाडी होती का? मला नाही तसं वाटत. दार बंद होतं, खिडकीतून आत आले. त्या खिडकीतूनच दोन दशकं मराठी वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तकं, गावोगावच्या लग्नपत्रिका बाहेर पडल्या. युनिकोड येईपर्यंत थांबलो असतो तर तेवढा काळ कॉम्प्युटरवर मराठी छापलीच गेली नसती. छापलेल्या कागदापुरतं बघितलं तर कुणाची फसवणूक झाली नाही. कागदावर काना तो काना.

फसवणूक झाली ती फाईल जपून ठेवणाऱ्याची. फाँट हरवला, दुकान बंद झालं, पेन ड्राइव्ह मुलाच्या हाती आला आणि आत जर्मन-पोर्तुगीज-आइसलँडी खिचडी. आज एखाद्या मुलीला आपल्या गावाचं नाव त्या काळातल्या कागदपत्रांत शोधायचं असेल, पाणी कधी मंजूर झालं, जमीन कधी गेली, तर तिने मराठीत टाईप केलेला शब्द तिथे सापडणार नाही. कागद सरकारने लपवलेला नाही, वेबसाईटवर आहे, कुणीही उघडावा. पण तो सापडण्यासाठी तो कुठे आहे हे आधीच माहीत असावं लागतं. ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी उघडा आणि ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी बंद, अशा दाराला आपण उघडं म्हणतो का?

आळंदीत बसून या प्रश्नाकडे बघितलं की एक जुनं काम आठवतं. ज्ञानेश्वरी सांगितली गेली शके १२१२मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला. लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. आळंदीची समाधी १२९६ची. पुढची तीनशे वर्षं ग्रंथ हातोहात उतरवला गेला आणि उतरवणाऱ्या प्रत्येकाने थोडं आपलं घातलं, थोडं गाळलं. एकनाथांनी शके १५०६मध्ये, १५८४ साली, प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यात कुणी आपली ओवी घालू नये असं बजावून ठेवलं. नाथांच्या स्वप्नात ज्ञानदेव आले, अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागलीय म्हणाले, ही कथा तुम्ही ऐकलेली असेल. कथेच्या आत मला काम दिसतं. बिघाड नाथांनी केलेला नव्हता. आधीच्या लेखकूंना दोष देत बसण्यात त्यांनी शाई घालवल्याचंही दिसत नाही. ज्यांच्याकडून प्रत मिळाली त्यांचे आभार आणि जी प्रत मिळाली ती दुरुस्त करण्याची जबाबदारी, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडे असू शकतात. जुन्या फाँटमधल्या फायली युनिकोडमध्ये आणण्याचं काम मला याच जातीचं वाटतं. ज्याला ते जमतं त्याच्या वाट्याला ते येतं. तो तक्रार करू शकतो, नाकारू मात्र शकत नाही.

इथवर आपण दुसऱ्यांच्या खुणांवर बसलो. आता आपल्या खुणांवर कोण बसतं ते बघू, आणि त्यासाठी आळंदीहून चाकणच्या रस्त्याला लागू.

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. त्याच कारखान्यातून स्कोडाच्या गाड्याही निघतात. पुढे जाणाऱ्या गाडीच्या पाठीवरचं नाव नीट बघा: पहिल्या एस-वर ती उलटी टोपी आहे, हाचेक. म्हणजे नाव 'श्कोदा' आहे. आपल्या लिपीत श आहे, त्यासाठी वेगळी खूण लावावी लागत नाही, कळफलकावर एक बोट पुरतं. जगातल्या ज्या थोड्या लिप्यांत हे नाव बिनखुणांचं आणि बिनचूक लिहिता येतं त्यांत देवनागरी आहे. तरी आपण 'स्कोडा' लिहितो, मीही वर तेच लिहिलं. कारण ते नाव आपल्याकडे प्रागहून आलं नाही, इंग्रजी कळफलकावरून टोपी उतरवून आलं, आणि टोपी उतरवलेलं नाव हेच खरं नाव असं आपण धरून चाललो.

आता हाच रस्ता उलट दिशेने. आळंदीतला ळ रोमन लिपीत नेला की एल होतो. मग तो एल वाचून दिल्लीहून आलेला अभियंता 'आलंदी' म्हणतो, आणि त्याच्या फोनमधली नकाशाची बाई आणखी भलतंच काही म्हणते. पुस्तकी पद्धतीत यावर तोडगा आहे: एल-च्या खाली टिंब, दीर्घ आ-साठी ए-वर आडवी रेघ. युनिकोडमध्ये या दोन्ही अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत. फोनवर ए दाबून धरलात तर आडव्या रेघेचा ए बहुतेक मिळेलही. एल दाबून धरून खालच्या टिंबाचा एल मिळतो का बघा. गंमत म्हणजे त्या टिंबावरही एकमत नाही. संस्कृतवाल्यांच्या पद्धतीत खालच्या टिंबाचा एल म्हणजे 'कॢप्ती'मधला ऌ. २००१च्या आयएसओ प्रमाणात तो ळ.

त्यांचा श आपल्याकडे स झाला, आपला ळ त्यांच्याकडे ल झाला. फिटंफाट झाली म्हणून सोडून द्यावं का? टिळकांचं बघा. हिंदीत ते बाल गंगाधर तिलक आहेत. बाळचा बाल, टिळकचा तिलक. म्हणजे नावातले दोन ळ आणि एक ट गेले. टिळकांना त्याने फरक पडत नाही, ते टिळकच राहतात. फरक पडतो तो साध्या माणसाला. मुळे आडनावाचं रोमन स्पेलिंग सरळ केलं तर इंग्रजीत खेचर होतं. म्हणून काही जण शेवटी ए-वाय लावतात, काही लावत नाहीत. मग एकाच घरात दोन स्पेलिंगं होतात आणि एकाच माणसाच्या दोन कागदांवरही होतात.

आळंदीत लग्न करायला दुरून जोडपी येतात, कित्येकदा घरच्यांच्या मनाविरुद्ध, हातात कागदांची पिशवी घेऊन. जन्माचा दाखला मराठीत, आधार दोन्ही लिप्यांत, दहावीचं प्रमाणपत्र आणखी एका स्पेलिंगचं. टेबलापलीकडचा माणूस विचारतो, 'हे तुम्हीच कशावरून?' त्या क्षणी ळ-खालचं टिंब ही भाषाशास्त्राची बाब राहत नाही. मुलगी तीच, नाव तेच, हाक मारली तर ओ देईल. पण दोन कागद एकमेकांना ओळखत नाहीत आणि ते सिद्ध करण्याचं ओझं तिच्यावर. ज्या खात्याच्या यंत्रात जागा नव्हती, त्याने प्रतिज्ञापत्राच्या मुद्रांकाचे पैसे भरल्याचं मी कधी ऐकलं नाही.

पासपोर्टमध्ये हे जरा प्रामाणिकपणे केलंय असं म्हणता येईल. पानाच्या तळाशी यंत्रासाठी ४४-४४ चिन्हांच्या दोन ओळी असतात. त्यांत फक्त ए ते झेड, आकडे आणि रिकाम्या जागेची खूण. जर्मन म्युलरच्या यू-वरची टिंबं तिथे चालत नाहीत, त्याजागी यू-ई लिहितात. पण वरच्या भागात, माणसाने वाचायच्या जागी, त्याचं नाव टिंबांसकट छापलेलं असतं. यंत्रासाठी नाव तासलं, पण माणसासाठी राखलं आणि तासायचा नियम जाहीर केला, सगळ्या देशांना सारखा. आपल्या पासपोर्टवर वरच्या भागातही नाव रोमनमध्येच, त्यामुळे ळ-ला राखीव जागा कुठेच नाही.

यावर एक जोरदार आक्षेप येईल: एवढं काय त्या टिंबांचं? मित्राला आपण के-ए-एल लिहितो आणि तो काल, काळ, कळ, कल यातलं बरोबर ते वाचतो. खरंय. मित्र आपल्या बाजूने अर्थ भरतो, तिथे खूण लागत नाही. शिवाय खुणा उतरवण्यात आपण स्वतः काही मागे नव्हतो. जुनी मराठी पुस्तकं उघडा: नांव, कांहीं, जेथें, सगळीकडे टिंबांचा पाऊस. साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे नियम केले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. काही जुन्या मंडळींना तेव्हा हळहळ वाटली, पण आज त्यावाचून कुणाचं अडत नाही. म्हणजे टिंब उतरवणं हे काही मुळात पाप नाही.

फरक कुठे आहे? ती टिंबं आपण उतरवली. बोलणाऱ्यांनी भांडून, बैठका घेऊन, नको म्हणून ठरवली. ळ-खालचं टिंब कुणी नको म्हटलेलं नाही. ते विचारलंच गेलं नाही. म्हणून मी मोजमाप असं लावतो: खूण गेली की राहिली यापेक्षा तिचा निकाल कुणी लावला ते बघायचं.

आणि निकाल लावणाऱ्याने कष्ट घ्यायचे ठरवले तर बिनखुणांचं रोमनही चालतं. गोव्यात इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्सने मराठीत ओवीबद्ध क्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ साली रायतूरला रोमन अक्षरांत छापलं गेलं. नागरीचे खिळेच नव्हते. आजही गोव्यातल्या रोमी कोकणीत 'वेळ' लिहिताना शेवटी दोन एल येतात आणि 'कोंकणी'तला ण दोन एन लावून होतो. टिंब नाही, टोपी नाही, साध्या कळफलकावर भागतं. चेक लोकांचा प्रवास याच्या उलट झाला. ते आधी दोन-दोन अक्षरं जोडत, मग पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला एका पुस्तिकेत अक्षरावर टिंब देण्याची सूचना आली, तिचाच पुढे हाचेक झाला. ती पुस्तिका यान हुस या धर्मोपदेशकाची समजली जाते. लोकांच्या भाषेत प्रवचनं देणारा हा माणूस. १४१५ साली त्याला जाळलं. त्याला मरण आलं ते टिंबापायी नाही, पण ज्याला देवाची गोष्ट लोकांच्या बोलीत सांगायची असते त्याला अक्षरांचाही विचार करावा लागतो, हे आळंदीकरांना वेगळं सांगायला नको.

आता युनिकोड आहे, १९९१पासून. जागेचा प्रश्न मिटला: तिरक्या रेघेचा ई, हाचेकचा एस, आपला ळ, सगळ्यांना आपापला क्रमांक. पण जागा मुबलक झाली की दुसराच पेच उभा राहतो. तिरक्या रेघेचा ई दोन प्रकारे लिहिता येतो. एक, अख्खं अक्षर एकाच क्रमांकाने; दोन, साधा ई आणि मागोमाग सुटी तिरकी रेघ. डोळ्यांना दोन्ही एकच, यंत्राला एकदम वेगळे. युनिकोडने यावर लेखी नियम केला की हे दोन्ही एकच समजावेत. 'एकच' म्हणजे काय, हा तत्त्वज्ञानातला प्रश्न एका समितीला मतदानाने सोडवावा लागला, आणि त्यांनी तो बराच शहाणपणाने सोडवला.

मराठीची अशीच जोडी आहे, आणि ती वारीच्या रस्त्यावरच भेटते. हे दोन शब्द बघा: वारकऱ्यांना, वारकर्‍यांना. फरक दिसतोय? दिसू नये. पहिल्यात र-खाली टिंबवाला ऱ वापरलाय. दुसऱ्यात साधा र आणि मागे एक न दिसणारं सांधणारं चिन्ह. पापणीसारखा अर्धा र दोन्हींत सारखाच उमटतो. दुसरी पद्धत ही जुन्या आवृत्तीला धरून चालू ठेवलेली सोय. फ्रेंच ई-ला मिळाला तसा 'हे एकच समजा' हा नियम मात्र या जोडीला नाही. हुशार शोधयंत्रं आपापल्या पातळीवर सांभाळून घेतात, साधी फसतात.

मग यंत्राला सांगून टाकावं का, की र-चे सगळे प्रकार सारखेच धर? तिथे गाडी लगेच अडते. आचारी जेवण करतो, आचार्य शिकवतात. 'आचाऱ्यांना बोलवा' आणि 'आचार्यांना बोलवा' यांत फरक फक्त त्या पापणीचा. दऱ्या डोंगरात, दर्या कोकणात. जास्त ढिलाई केली की आचार्य मुदपाकखान्यात जातात, जास्त कडकपणा केला की वारकरी वारकऱ्याला ओळखत नाही. कुठे सैल सोडायचं आणि कुठे धरून ठेवायचं हे बाहेरच्या समितीला आपोआप कळणार नाही. ज्यांच्या घरात आचारी आणि आचार्य दोघेही येतात त्यांनीच ते जाऊन सांगायला हवं.

आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत १९१७पासून मुलं पाठांतर करतात. एकाने ओवीत अक्षर चुकवलं की शेजारचा टोकतो. आपल्या मोबाईलमधल्या मजकुराला असं टोकणारं अजून कुणी नाही. तोवर जुन्या लेखांत 'वारकऱ्यांना' शोधायचं असेल तर दोनदा शोधा: एकदा स्वतः टाईप करून, आणि एकदा वरच्या जोडीतला दुसरा शब्द इथून उचलून.